कोळ्याच्या जाळ्यात संसार थाटणारी अळी

एप्रिल २०२५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एका अळीवरचा शोधनिबंध आला आणि तिचे फोटो जगभर फिरले. फोटोत अळी दिसतच नाही. दिसतो तो मुंगीची डोकी, भुंग्यांची पोटं, माशीचे पंख असा एक चिमुकला ढिगारा. तो ढिगारा कोळ्याच्या जाळ्यातून हळूहळू सरकत असतो. हवाई बेटांपैकी ओआहू बेटावर ही अळी सापडते. संशोधकांनी तिला 'बोन कलेक्टर', म्हणजे हाडं गोळा करणारी, असं टोपणनाव दिलं. किड्यांना खरी हाडं नसतात. अंगावरचं कठीण कवच हेच त्यांचं हाड आणि हीच त्यांची कातडी. त्या कवचाचे तुकडे ही अळी अंगावर चढवते.

अशी बातमी वाचली की आधी अंगावर शहारा येतो, मग प्रश्न सुरू होतात. अळी तर पाला खाते, ही मांस कशी खाते? कोळी तिला सोडतो कसा? आणि हे सगळं एवढ्याशा बेटावरच का? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. त्याचं उत्तर कळलं की अळीही कळते, आणि आपल्या कोल्हापुरातल्या राधानगरी-दाजीपूरच्या सड्यांकडे, म्हणजे माथ्यावरच्या उघड्या खडकाळ पठारांकडे, बघायची नजरही बदलते.

आधी पतंग म्हणजे कोण?

रात्री दिव्यावर येऊन आपटणारं पाखरू म्हणजे पतंग. फुलपाखरू आणि पतंग एकाच मोठ्या घराण्यातले. त्या घराण्यातल्या दीड लाखाहून जास्त प्रजातींची आजवर नोंद झाली आहे आणि त्यातले दहापैकी नऊ पतंगच आहेत. प्रजाती म्हणजे ज्यांची आपसात वीण होते आणि पुढे वंश चालतो असा एक गट. अशा जवळच्या प्रजातींच्या समूहाला या लेखात 'गोत' म्हणू.

अळी हा वेगळा प्राणी नाही, ते पतंगाचं बालपण. अंड्यातून अळी, अळीचा कोष, कोषातून पाखरू. खाण्याचं बहुतेक काम अळीच्या वाट्याला येतं. पाखराचं काम जोडीदार शोधणं आणि अंडी घालणं. ऊस करणाऱ्या माणसाला हे सांगायला नको. खोडकीड, कांडी कीड, शेंडे कीड या तिन्ही पतंगांच्या अळ्या. पाखरू उसाला काही करत नाही, पोंगा, म्हणजे उसाचा मधला कोवळा शेंडा, मरतो तो अळीमुळे.

या सगळ्या घराण्यात अळ्या बहुतेक शाकाहारीच. शिकारीवरच जगणाऱ्या अळ्या शंभरात एकसुद्धा नाहीत, हजारात दोनही भरत नाहीत. म्हणून मांस खाणारी अळी ही खरोखरच मोठी बातमी आहे.

घर पाठीवर घेऊन चालणं: न्हाणीघराच्या भिंतीवर बघा

हवाईला जायच्या आधी आपल्याच न्हाणीघरात जाऊ. पावसाळ्यात ओलसर भिंतीवर, छताच्या कोपऱ्यात, राखाडी रंगाचं, चपटं, दोन्ही टोकांना निमुळतं असं बी चिकटलेलं दिसतं. लांबी साधारण एक सेंटीमीटर. आकार भोपळ्याच्या बारक्या बीसारखा. पुष्कळांना तो सिमेंटचा पापुद्रा वाटतो. दोन मिनिटं टक लावून बघा. एका टोकाची फट उघडते, तपकिरी डोकं आणि पायांच्या तीन जोड्या बाहेर येतात, भिंत पकडतात आणि मागचं घर ओढून घेतात. मग पुन्हा पुढे. हात लावला की डोकं आत, फट बंद.

ही लोकरीच्या कपड्यांना लागणाऱ्या कसरीची नातेवाईक. घराला दोन्ही टोकांना दारं असतात आणि आत उलटं फिरून ती कुठल्याही दारातून डोकं काढू शकते. तिचं आवडतं खाणं म्हणजे कोळ्यांची जुनी जळमटं, गळलेले केस, लोकर. घराची बांधणीही बघण्यासारखी आहे. अळीच्या ओठाखाली एक बारीक नळी असते, तिथून रेशमाचा धागा निघतो. आधी त्या धाग्याची मऊ नळी विणली जाते. मग तिच्यावर बाहेरून वाळूचे कण, भिंतीचा चुना, धूळ, केस असं हाताशी येईल ते चिकटवलं जातं. रेशीम म्हणजे सिमेंट आणि कचरा म्हणजे विटा. अळी वाढली की ती घर टाकून देत नाही, त्याच घराला वाढवा देते.

हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. काचेच्या बरणीत अशी एक अळी, थोडी जळमटं आणि रंगीत लोकरीचे अगदी बारीक कातरलेले तुकडे ठेवा. तोंडाला मलमलचं फडकं बांधा. झाकण घट्ट लावलं तर आत वाफ धरते, बुरशी येते आणि अळी मरते. अगदी कोरडी बरणीही चालत नाही, म्हणून फडक्यावर दोन दिवसांतून एकदा पाण्याचे दोन-चार थेंब शिंपडा. लोकर वापरलीच तर घराच्या कडेला तो रंग दिसू लागतो. नाही वापरली तर तुकडे मोठे झाले असं समजायचं, आणखी बारीक कातरायचे.

अंगावर घर बाळगण्याचे फायदे तीन. ऊन-वारा लागत नाही, म्हणजे अंगातला ओलावा टिकतो. खाणाऱ्याला आत अळी आहे हे कळत नाही. आणि कळलंच तरी मऊ अंगाभोवती भिंत असते. हवाईची गोष्ट याच घरापासून सुरू होते.

समुद्रातून उगवलेली बेटं

हवाई बेटं प्रशांत महासागराच्या मधोमध आहेत. सगळ्यात जवळचा खंडाचा किनारा सुमारे ३,८०० किलोमीटरवर. ही बेटं कुठल्या खंडापासून तुटून आलेली नाहीत. समुद्राच्या तळाखाली एका जागी तप्त लाव्हा वर येत राहतो आणि त्यावरून समुद्रतळाचं कवच दरवर्षी साधारण ७ ते १० सेंटीमीटर वायव्येकडे सरकतं. पेटती मेणबत्ती एका जागी धरून तिच्यावरून कागद हळूहळू सरकवला तर कागदावर डागांची एक ओळ उमटेल. हवाई बेटं म्हणजे ती ओळ. आग्नेयेचं बेट सगळ्यात तरुण, तिथे लाव्हा अजून वाहतो. वायव्येची बेटं सगळ्यात म्हातारी, झिजत झिजत समुद्रात खचत चाललेली.

म्हणजे प्रत्येक बेट जन्मताना उघडाबोडका काळा दगड असतं. तिथे जे काही जगलं ते उडत, तरंगत किंवा वाऱ्यावर वाहत आलं. मुंगी आली नाही. हवाईत मूळची एकही मुंगी नाही, आज आहेत त्या पन्नासहून जास्त प्रजाती माणसाबरोबर आल्या. जमिनीवरचे सस्तन प्राणी म्हणाल तर मूळचं एक वटवाघूळ तेवढं. फुलपाखरांच्या मूळच्या प्रजाती फक्त दोन.

आता धंद्याच्या भाषेत विचार करा. नवी औद्योगिक वसाहत उभी राहिली, रस्ते झाले, शेड झाल्या, पण कारागीर आला तो एकच, लेथवाला. गिऱ्हाईक तर सगळ्या प्रकारचं येणार. मग त्याचा एक मुलगा वेल्डिंग शिकतो, दुसरा पॅटर्न बनवतो, तिसरा मोटारी भरतो, म्हणजे जळालेल्या मोटारीच्या तारा पुन्हा गुंडाळतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात जिथे प्रत्येक कामाला आधीच चार दुकानं आहेत तिथे लेथवाल्याच्या मुलाने मोटार भरायला घेतली तर टिकणं कठीण. रिकाम्या वसाहतीत मात्र त्याला अडवणारं कुणी नसतं. बेटावर नेमकं हेच होतं. खंडावर जे काम मुंग्या, भुंगे, गांधीलमाश्या करतात, ते करायला बेटावर कुणी नव्हतं. मग जे आले होते त्यांच्याच वंशजांनी ती कामं हळूहळू उचलली.

एका गोताने धंदे वाटून घेतले

आलेल्यांपैकी एक होता बारकासा पतंग. पंख उघडले तर सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर. त्याच्या वंशजांचं गोत म्हणजे हायपोस्मोकोमा. आजपर्यंत या गोतातल्या ३५० हून जास्त प्रजातींची नोंद झाली आहे आणि एकही हवाईबाहेर सापडत नाही. एखाद्याच प्रदेशात आढळणाऱ्या अशा जीवाला 'प्रदेशनिष्ठ' म्हणतात. लेखात हा शब्द पुन्हा येईल.

या गोतातल्या अळ्या घर पाठीवर घेऊन चालतात. घरांचे आकार मात्र नाना तऱ्हांचे. काहींचं घर विडीसारखं, काहींचं निमुळत्या शंकूसारखं, काहींचं दोन टोकांना पीळ दिलेल्या गोळीच्या कागदासारखं, काहींचं शिंपल्यासारखं. बहुतेक अळ्या दगडफूल, शेवाळ, कुजकं लाकूड, पालापाचोळा यांवर जगतात. पण काहींनी वेगळीच वाट धरली.

२००५ मध्ये डॅनियल रुबिनॉफ आणि विल्यम हेन्स या संशोधकांनी गोगलगाय खाणाऱ्या हायपोस्मोकोमाचं वर्णन प्रसिद्ध केलं. ही अळी आठ-एक मिलिमीटरची. पानावर विसावलेली बारकी गोगलगाय दिसली की ती आधी तोंडातल्या रेशमाने गोगलगायीचा शंख पानाला बांधून टाकते, अगदी कोळी माशीला बांधतो तसं. बांधण्याचं कारण साधं आहे. गोगलगायीला धोका वाटला तर ती पान सोडून खाली पडू शकते, आणि पडली की शिकार गेली. शंख जखडला की अळी आपलं घर शंखाच्या तोंडाशी लावते, अंग लांबवून आत शिरते आणि आत आत सरकणाऱ्या गोगलगायीचा पाठलाग तिच्याच घरात करते. उपाशी ठेवली तरी ही अळी पाला खात नाही.

दुसरी वाट पाण्याची. या गोतातल्या किमान १२ प्रजातींच्या अळ्या पाण्याखालीही राहतात आणि कोरड्या दगडावरही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की ही क्षमता गोतात एकदा नाही तर किमान तीन वेळा, स्वतंत्रपणे आली. या अळ्यांना माशासारखे कल्ले नसतात. पाण्यातला प्राणवायू त्या अंगातूनच शोषतात. म्हणूनच त्यांना खळाळतं, भरपूर हवा मिसळलेलं पाणी लागतं. साचलेल्या पाण्यात त्या गुदमरून मरतात. प्रवाहात वाहून जाऊ नये म्हणून रेशमाच्या धाग्याने दगडाला नांगर टाकलेला असतो.

हाच धागा घर विणतो, शिकार जखडतो आणि पुरात नांगर होतो. या गोताचं यश मला तरी त्या ओठाखालच्या नळीत दिसतं.

हाडं गोळा करणारी, जवळून

आता बातमीतल्या अळीकडे येऊ. तीही याच हायपोस्मोकोमा गोतातली. ती राहते ओआहूच्या वायानाए डोंगरात, झाडांच्या ढोल्या, कुजके पोकळ ओंडके, खडकांच्या कपारी अशा बंदिस्त जागी लागलेल्या कोळ्यांच्या जाळ्यांत. उघड्यावरच्या चक्राकार जाळ्यांत नाही. कपारीतल्या जाळ्यात मेलेले, अर्धमेले, कोळ्याने गुंडाळून ठेवलेले किडे अडकलेले असतात. अळी जाळ्याचे धागे कुरतडत त्यांच्यापर्यंत जाते आणि खाते. जिवंत धडधाकट किड्याच्या मागे ती धावत नाही. जाळ्यातलं उरलंसुरलं आणि दुबळं हे तिचं अन्न.

खाऊन उरलेल्या तुकड्यांचं ती काय करते हे सगळ्यात सुंदर आहे. एखादा तुकडा सापडला की ती तो जबड्यात धरून फिरवते, चारी बाजूंनी चाचपते. मोठा असेल तर कुरतडून बेताचा करते. मग आपल्या रेशमी घरावर मोकळी जागा बघून तो रेशमाने शिवते. कोल्हापुरी चपलेचा कारागीर कातड्याचा तुकडा तळव्यावर धरून बघतो, रापीने कडा काढतो, पुन्हा धरून बघतो आणि मगच शिवायला घेतो. इथे क्रम तोच. हे तुकडे सहाहून जास्त वेगवेगळ्या कुळांतल्या किड्यांचे निघाले. प्रयोगशाळेत तिला किड्यांचे तुकडे न देता दुसरा कचरा दिला तर तो तिने घेतला नाही. म्हणजे न्हाणीघरातल्या आपल्या अळीसारखं 'मिळेल ते' हिला चालत नाही.

कोळ्याचं काय? कोळी डोळ्यांपेक्षा स्पर्शावर, धाग्याच्या थरथरीवर आणि चवीवर जास्त भरवसा ठेवतो. त्याच्या पायाला लागतं ते त्यानेच खाऊन टाकलेल्या किड्यांचं कवच आणि त्याच्याच जाळ्याचा धागा, म्हणजे त्याच्या घरचा केर. केरावर कोण हल्ला करतो? हा संशोधकांचा अंदाज आहे. पण नोंद मात्र पक्की आहे: कोळ्याने ही अळी खाल्लेली किंवा गुंडाळून ठेवलेली एकदाही आढळलेली नाही.

एका जाळ्यात अळी एकच असते. दोन एकत्र आल्या तर एक दुसरीला खाते.

बेट ४० लाख वर्षांचं, अळीचा वंश ६० लाखांचा, हे कसं?

ही शंका अगदी रास्त आहे. ओआहू बेट साधारण ३० ते ४० लाख वर्षांचं. अळीच्या वंशाचं वय निघालं किमान ६० लाख वर्षं. बेटाच्या आधी बेटावरची अळी कशी?

आधी वय कसं काढतात ते बघू. हाताने नकललेली पोथी घ्या. प्रत्येक नकलेत एक-दोन चुका होतात आणि त्या पुढच्या नकलेत उतरतात. दोन पोथ्यांत जितके फरक जास्त, तितकी त्यांची मूळ प्रत जुनी. पेशीतल्या डीएनएचंही तसंच. पिढ्यानपिढ्या नक्कल होताना बारीक बदल साचतात. हे बदल कोणत्या वेगाने साचतात याचा अंदाज असला की दोन प्रजातींचा समाईक पूर्वज किती जुना हे काढता येतं. हे घड्याळ सेकंदाला चोख नाही, पण ३० लाख आणि ६० लाख यांतला फरक सांगायला पुरतं.

आता कोडं सुटतं. अळीचा वंश ओआहूवर जन्मलाच नाही. तो आधीच्या, वायव्येकडच्या जुन्या बेटावर तयार झाला. ते बेट झिजत गेलं, आग्नेयेला नवं बेट वर आलं, काही पाखरं वाऱ्याने तिकडे पोचली. जुनं घर बुडायच्या आत नवं घर. संपूर्ण हायपोस्मोकोमा गोताचं वय २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे दीड कोटी वर्षं आलं. आज माणसं राहतात त्या मोठ्या बेटांतलं सगळ्यात जुनं कावाई, तेही साधारण ५० लाख वर्षांचं. म्हणजे या गोताने आज समुद्रात जवळपास नाहीशा झालेल्या बेटांवर आयुष्याचा मोठा काळ काढला आहे. तिथले डोंगर गेले, जंगलं गेली, वंश मात्र पुढच्या बेटावर गेला.

"६२ अळ्याच सापडल्या? म्हणजे नीट शोधलं नसेल"

वीस वर्षांच्या काळात, दीडशेहून जास्त फेऱ्यांत, या अळ्या सापडल्या ६२. त्याही एकाच डोंगररांगेतल्या १५ चौरस किलोमीटरमध्ये. कोल्हापूर महापालिकेची हद्द सुमारे ६७ चौरस किलोमीटर आहे. तिच्या पाव भागाहूनही कमी जागा, आणि जगात दुसरीकडे कुठेच ही अळी नाही.

शोध कमी पडला असेल ही शंका प्रत्येक दुर्मीळ जीवाबद्दल घ्यायलाच हवी. पण इथे दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक, शोधणारे लोक याच गोतावर वर्षानुवर्षं काम करणारे, आणि त्याच शोधकामात इतर हायपोस्मोकोमा भरपूर सापडत होत्या. दोन, कोळ्यांची जाळी बाकी बेटावरही आहेत. म्हणजे अळीला राहायला जागा नाही असं नाही, तरी ती तिथे नाही. जे शिल्लक आहे ते एका मोठ्या वंशाचं शेवटचं टोक असावं असं दिसतं.

"कोळी परके, मुंग्या परक्या, तरी ती जगली. मग काळजी कसली?"

ही अळी ज्या कोळ्यांच्या जाळ्यांत सापडली ते किमान चार प्रजातींचे, तीन कुळांतले, आणि त्यातला एकही मूळचा हवाईचा नाही. तिच्या अंगावरची मुंगीची डोकीही बाहेरून आलेल्या मुंग्यांची. यावरून तिने बदललेल्या जंगलाशी जुळवून घेतलं हे खरं. हे तिचं मोठंच कसब. पण जाळ्याचा मालक बदलला तरी चालतो म्हणून जंगल गेलं तरी चालेल असं होत नाही. मुंगी जाळ्यात मेलेली सापडली तर ते अन्न, पण मुंग्यांची फौज ढोलीत शिरली तर अळी, कोष, अंडी काहीच मागे राहत नाही. या जीवांचे पूर्वज लाखो वर्षं मुंगीविना वाढले, त्यामुळे मुंगीपासून बचाव हा धडा त्यांच्या वाट्याला आलाच नव्हता.

आणि १५ चौरस किलोमीटर म्हणजे किती? उन्हाळ्यात डोंगराला लागलेला एक मोठा वणवा तेवढी जागा दोन दिवसांत खातो.

तिसरा धोका परजीवी माश्यांचा. परजीवी माशी म्हणजे दुसऱ्या किड्याच्या अंगात अंडी घालणारी बारीक गांधीलमाशी. तिची पिल्लं यजमान किड्याला आतून खातात. हवाईतही आपल्यासारखा ऊस होता, शंभराहून जास्त वर्षं होता, तिथला शेवटचा साखर कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. शेतातल्या किडींचा बंदोबस्त करायला तिथे बाहेरून मित्रकिडी आणून सोडल्या गेल्या. २००१ मध्ये कावाई बेटावरच्या दुर्गम अलाकाई दलदलीतला एक अभ्यास आला. तिथल्या मूळच्या पतंगांच्या अळ्या आणून वाढवल्या, तेव्हा त्यांतून ज्या परजीवी माश्या बाहेर पडल्या त्यांतल्या ९७ टक्के परक्या निघाल्या. ८३ टक्के तर मुद्दाम आणून सोडलेल्यांच्या वंशातल्या. ज्या कामासाठी आणल्या ती शेतं कित्येक किलोमीटर दूर, पण माशीला बांध दिसत नाही.

मग उसात ट्रायकोकार्ड लावायचं की नाही?

हे वाचून ऊस उत्पादकाला हा प्रश्न पडणारच. ट्रायकोकार्ड म्हणजे आत परजीवी माशीची पिल्लं वाढत असलेली किड्यांची अंडी चिकटवलेलं कार्ड. उत्तर सरळ आहे: लावा. ट्रायकोकार्डावरची ट्रायकोग्रामा किलोनिस ही माशी आपल्याकडचीच आहे, परदेशातून आणून सोडलेली नाही. ती खोडकिडीच्या अंड्यात आपलं अंडं घालते, त्यामुळे अळी जन्मतच नाही. आपल्या भूमीवर ती लाखो वर्षं इतर पतंगांच्या सोबत राहिली आहे, दोघांनाही एकमेकांची सवय आहे. आणि तिच्यामुळे वाचणारी कीटकनाशकाची फवारणी ही पतंगांना तिच्यापेक्षा कितीतरी जास्त घातक असते.

कार्ड वाया जातं ते बहुतेक वेळा लावण्याच्या पद्धतीमुळे. एका कार्डावर सुमारे २०,००० अंडी असतात. कार्डाच्या पट्ट्या कापून त्या शेतभर विखरून पानाच्या खालच्या बाजूला टाचायच्या. वरच्या बाजूला टाचल्या तर ऊन आणि पाऊस थेट बसतो. वेळ सकाळची किंवा संध्याकाळची. माश्या बाहेर पडायच्या आत लावायचं, घरात टेबलावर पडून राहिलं तर त्या घरातच उडून जातात. मुंग्या पट्टीवरची अंडी खातात, म्हणून बांधाकडेच्या वारुळाजवळच्या सऱ्या टाळायच्या. आणि कार्डाच्या आगेमागे आठ-दहा दिवस फवारणी नाही, नाहीतर पैसे आणि माश्या दोन्ही गेले.

आपल्याकडची बेटं

बेटाला समुद्रच लागतो असं नाही. वेगळं पडणं महत्त्वाचं. मसाई पठारावर, आंब्याच्या किंवा गगनबावड्याच्या माथ्यावर उभं राहून बघा. वर जांभ्या दगडाचा सडा, तिथला वारा, धुकं, चार महिने पाणी आणि आठ महिने तापलेला दगड. खाली दरी, तिचं हवामान वेगळं, झाडं वेगळी. उडून जाता न येणाऱ्या बारक्या जीवासाठी एका सड्यावरून दुसऱ्या सड्यावर जाणं म्हणजे समुद्र ओलांडणंच. म्हणून सह्याद्रीच्या माथ्यावर प्रदेशनिष्ठ जीव इतके आहेत. २००९ मध्ये दाजीपूरच्या जंगलातल्या एका चिमुकल्या पालीची शास्त्रात नोंद झाली, तिच्या नावातच कोल्हापूर आहे: नेमास्पिस कोल्हापुरेन्सिस. त्याच वर्षी आंबोलीच्या पिवळ्या पट्ट्यांच्या भेकाची नोंद झाली. आंबोली आणि आसपासचा थोडका भाग सोडला तर तो कुठेही नाही.

पाल आणि बेडूक डोळ्यांत भरतात, म्हणून त्यांच्या नोंदी होतात. सेंटीमीटरभर पतंगाकडे बघायला बसतो कोण? सड्यावर शेवाळ आहे, दगडफूल आहे, कपारी आहेत, कपारीत जाळी आहेत. त्या जाळ्यांत काय चालतं हे बघायला विमानाचं तिकीट लागत नाही.

पडदा लावून पतंग बघायचे असतील तर

पांढरी सुती चादर, साधारण दोन मीटर लांब. दोन खांबांना ताणून बांधा, खालची कड जमिनीवर वीतभर पसरू द्या, कारण पुष्कळ पतंग खाली येऊन बसतात. दिवा चादरीपासून फूटभर अंतरावर. पिवळ्या दिव्याला फारसं कुणी येत नाही. पांढरा पाऱ्याचा दिवा किंवा अतिनील एलईडी लागते. अतिनील दिव्याकडे थेट बघायचं नाही. पाऱ्याच्या दिव्यावर पावसाचा थेंब पडला तर काच तडकते, म्हणून वर आडोसा हवा. आणि तो एकदा विझला की थंड होईपर्यंत पुन्हा लागत नाही, तेव्हा सारखं चालू-बंद करू नका.

रात्र अमावास्येच्या आसपासची, वारा पडलेला, हवा दमट. जून-जुलैतली पावसाची उघडीप आणि मग सप्टेंबर-ऑक्टोबर हे आपल्याकडचे चांगले दिवस. रस्त्यावरचा दिवा समोर असेल तर पडदा रिकामा राहतो. साडेसात ते अकरा ही वेळ पुरते, काही मोठे पतंग मात्र मध्यरात्रीनंतरच येतात. फोटो काढताना शेजारी मोजपट्टी धरा, बारक्या पतंगाची ओळख आकारावर अडते. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय पडदा लावायचा नाही.

घराच्या गच्चीवर मात्र कुणाची परवानगी लागत नाही. उजाडायच्या आत दिवा बंद करा आणि चादर झुडपावर हलक्या हाताने झटका. तसं केलं नाही तर सकाळी बुलबुल येतात, चादरीवर बसलेले सगळे पतंग टिपून नेतात आणि खाली फक्त पंख उरतात.